सहाव्या चित्रात जन्मणारा नायक

एकेचाळीस चित्रांची मालिका. नाव एका माणसाचं, आणि तो माणूस जन्माला येतो सहाव्या चित्रात.

पहिल्या चित्रात १४९२ साल आहे, कोलंबस हैतीच्या किनाऱ्याला लागतो. दुसऱ्यात स्पॅनिश लोक बेटावरच्या मूळ रहिवाशांचा छळ मांडतात. मग स्पेन आणि फ्रान्स बेटावरून भांडतात, भांडून झाल्यावर वाटणी करतात, आणि पाचव्या चित्रापर्यंत गुलामांचा व्यापार ऐन भरात आलेला असतो. अडीचशे वर्षं उलटून गेली. तेव्हा कुठे एका गुलाम जोडप्याच्या घरात बाळ जन्मतं: टूसाँ. पुढे हाच टूसाँ लूव्हेर्त्यूर म्हणून ओळखला गेला. जगातला एकमेव गुलामांचा उठाव, ज्यातून एक स्वतंत्र देश उभा राहिला, त्या उठावाचा तो सेनापती.

ही चित्रं काढणारा जेकब लॉरेन्स न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात राहणारा कृष्णवर्णीय मुलगा होता. मालिका त्याने १९३८ साली पूर्ण केली, तेव्हा त्याला एकविसावं वर्ष चालू होतं. जवळजवळ अर्ध्या शतकानंतर, म्हाताऱ्या लॉरेन्सने यातल्या काही चित्रांची छपाईतली मालिका केली. पंधरा मुद्राचित्रं, १९८६ ते १९९७. आजकाल संग्रहालयांत, लिलावांत, कॅलेंडरांवर टूसाँचं जे रूप दिसतं ते बहुतेक वेळा या पंधरांतलं असतं. या लेखात मी दोन गोष्टी उलगडून पाहणार आहे. बंडाची गोष्ट सांगायला मालिकाच का लागली, आणि चित्रं कागदावरून छपाईच्या जाळीवर आणि जाळीवरून पुन्हा कागदावर गेली तेव्हा त्या गोष्टीचं काय झालं.

आधी बेटाची हकीकत, कारण ती नसेल तर चित्रं म्हणजे नुसते घोडे आणि तलवारी.

कॅरिबियन समुद्रात एक बेट आहे. त्याचा पश्चिमेकडचा तिसरा हिस्सा १६९७ च्या तहाने फ्रान्सकडे आला. फ्रेंचांनी त्याला नाव दिलं साँ-दोमँग. आजचा हैती तो हाच. अठराव्या शतकाच्या शेवटी ही जगातली सर्वांत श्रीमंत वसाहत होती. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी जवळपास ४० टक्के आणि कॉफीपैकी अर्ध्याहून अधिक इथून जायची. ही साखर पिकवणारे सुमारे पाच लाख गुलाम होते. गोरे तीस-चाळीस हजार. त्यांच्याखेरीज जवळपास तितकेच 'मुक्त रंगीत' लोक होते. यांतले बरेचसे मिश्रवंशीय, काही जमीनजुमला बाळगून असलेले, पण गोऱ्यांच्या बरोबरीचे हक्क त्यांना नाहीत. उसाच्या मळ्यावर माणसं इतक्या झपाट्याने मरत की गुलामांची संख्या जन्मांनी टिकतच नसे. आफ्रिकेतून जहाजं भरभरून नवी माणसं आणावी लागत. १७९१ साली बेटावरच्या गुलामांत निम्म्याहून जास्त लोक आफ्रिकेत जन्मलेले होते. म्हणजे गुलामगिरीच्या आधीचं आयुष्य त्यांना आठवत होतं. पुढे जे घडलं ते समजायला ही एक गोष्ट फार उपयोगी पडते.

२२ ऑगस्ट १७९१ च्या रात्री उत्तरेकडच्या मळ्यांवर उठाव झाला. ऊस पेटला, साखरेचे कारखाने पेटले.

टूसाँ तेव्हा पन्नाशीच्या आसपासचा. ब्रेदा नावाच्या मळ्यावर तो जन्मला, जनावरं सांभाळली, मग मळ्याच्या कारभाऱ्याची घोडागाडी हाकणारा झाला. गाडीवान ही गुलामांमधली वरची जागा. मालकाच्या पाठोपाठ शहरात जायला मिळतं, बोलणी कानावर पडतात, रस्ते पाठ होतात. उठावाच्या वेळी टूसाँ गुलाम नव्हताच; पंधरा वर्षांपूर्वी, १७७६ च्या सुमारास, तो मुक्त झालेला होता. इतकंच काय, मुक्त झाल्यावर त्याने कॉफीचा एक मळा खंडाने घेतला होता आणि त्यावर गुलाम राबत होते. गुलामगिरी संपवणाऱ्याच्या चरित्रातली ही ओळ आपल्याला टोचते, आणि टोचायलाच हवी. लॉरेन्सच्या मालिकेत हा मळा नाही. १९३०च्या दशकात हार्लेममधल्या वाचनालयात जी पुस्तकं मिळत त्यांत ही माहिती नव्हती. ती कागदपत्रं अभ्यासकांच्या हाती पुढे १९७०च्या दशकात आली.

यानंतरची दहा वर्षं थोडक्यात सांगणं अवघड आहे, कारण टूसाँ बाजू बदलतो. आधी तो स्पेनच्या बाजूने फ्रान्सशी लढतो. फेब्रुवारी १७९४ मध्ये पॅरिसच्या क्रांतिकारी सरकारने सगळ्या वसाहतींमधली गुलामगिरी रद्द केली आणि काही महिन्यांत टूसाँ फ्रान्सकडे आला. इंग्रजांनी बेटावर सैन्य उतरवलं होतं. १७९८ साली ते मागे हटले. दक्षिणेतल्या मिश्रवंशीय सेनापतीशी, रिगोशी, त्याची भीषण यादवी झाली. १८०१ साली त्याने बेटाचा स्पॅनिश भागही ताब्यात घेतला आणि राज्यघटना काढली. त्या घटनेत गुलामगिरी कायमची बंद होती आणि टूसाँ तहहयात गव्हर्नर होता. दोन्ही एकाच कागदावर. मोकळ्या झालेल्या माणसांना त्याने मजुरीवर, पण सक्तीनेच, पुन्हा मळ्यांवर जुंपलं, कारण साखरेशिवाय बंदुका येणार नव्हत्या. त्याविरुद्ध उठलेल्यांत त्याचा स्वतःचा पुतण्या मोईझ होता. त्याला गोळ्या घातल्या गेल्या.

१८०१ च्या अखेरीस नेपोलियनने आपला मेहुणा लक्लेर याला मोठं आरमार देऊन धाडलं. बेटावरचं मुख्य शहर फ्रेंचांच्या हाती सोपवण्यापेक्षा टूसाँचा सेनापती आँरी क्रिस्तोफ याने ते पेटवून दिलं. काही महिन्यांच्या लढाईनंतर तह झाला. बोलणी करायची आहेत असं सांगून टूसाँला बोलावलं आणि पकडलं. ७ जून १८०२. फ्रान्समधल्या जुरा डोंगरातल्या एका थंडगार किल्ल्यात त्याला ठेवलं, आणि ७ एप्रिल १८०३ ला तो तिथेच गेला. जहाजावर चढवताना तो म्हणाला असं सांगतात, की मला पाडून तुम्ही स्वातंत्र्याच्या झाडाचं खोड तोडलंत, ते मुळांतून पुन्हा फुटेल, कारण मुळं पुष्कळ आहेत आणि खोल गेलेली आहेत. १ जानेवारी १८०४ ला टूसाँच्याच एका सेनापतीने, देसालीनने, हैती स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. टूसाँने तो दिवस पाहिला नाही.

आता हार्लेम.

लॉरेन्सचा जन्म १९१७ चा. आईवडील विभक्त झालेले, लहानपणातली काही वर्षं परक्यांच्या घरी गेलेली, आणि तेराव्या वर्षी आईबरोबर हार्लेममध्ये आलेला. शाळा सुटल्यावर मुलं रस्त्यावर उंडारू नयेत म्हणून आईने त्याला एका केंद्रात घातलं. तिथे चार्ल्स ऑल्स्टन नावाचा चित्रकार शिकवायचा. पुढे मूर्तिकार ऑगस्टा सॅव्हेज हिने त्याला हाताशी धरलं. मंदीच्या काळात सरकार कलावंतांना आठवड्याचा पगार देऊन चित्रं काढून घेत असे. त्या योजनेत नाव घालायला ती लॉरेन्सला घेऊन गेली, तर वय कमी पडलं. लॉरेन्स ते विसरून गेला. ती विसरली नाही. वर्षभराने तिने त्याला पुन्हा नेलं आणि नाव लागलं.

पण टूसाँ त्याला शाळेत भेटला नाही. शाळेच्या इतिहासात काळ्या माणसाला जागा नव्हती. तो भेटला रस्त्यावरच्या वक्त्यांकडून, व्याख्यानांतून, आणि १३५व्या रस्त्यावरच्या सार्वजनिक वाचनालयात. आर्तुरो शोम्बुर्ग या पोर्तो रिकोत जन्मलेल्या माणसाने आयुष्यभर काळ्या लोकांविषयीची पुस्तकं, हस्तलिखितं, चित्रं गोळा केली होती. तो संग्रह १९२६ साली या वाचनालयाकडे आला. लॉरेन्स तिथे बसून वाचायचा. तो वाचत होता त्याच्या तीनच वर्षं आधी, १९३४ मध्ये, अमेरिकेचं सैन्य हैतीतून बाहेर पडलं होतं. एकोणीस वर्षं तिथे ठाण मांडून! म्हणजे हार्लेममध्ये हैती ही जुनी गोष्ट नव्हती, परवाच्या वर्तमानपत्रातली होती. आपण इतिहास म्हणून हे करत नाही, आजच्या काळ्या माणसाच्या स्थितीशी याचा संबंध आहे म्हणून करतो, असं लॉरेन्सने सांगून ठेवलं आहे.

मग मालिका का? त्याचं उत्तर साधं होतं. जे सांगायचं ते एका चित्रात मावेना.

यातलं मर्म समजायला पुतळ्याकडे पाहावं. चौकात घोड्यावर बसलेला वीर असतो, घोड्याचा एक पाय वर, तलवार उगारलेली. पुतळा सांगतो की हा मोठा होता. तो मोठा कसा झाला, त्याला कुणी मोठं केलं, त्याच्या आधी काय जळत होतं आणि नंतर काय उरलं, हे पुतळा सांगू शकत नाही. त्याच्याकडे एकच क्षण असतो. बंड तर एका क्षणाचं नसतंच. ते तुंबत राहतं, फुटतं, फसतं, विकलं जातं, पुन्हा उसळतं. एकामागून एक पानं उलटत गोष्ट सांगणं आपल्याला नवीन नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळी चित्रकथीच्या पोथीतलं एकेक पान पुढे धरून रामायण सांगतात. तिथे चित्राला गाणारा-सांगणारा माणूस जोडीला असतो. लॉरेन्सच्या चित्राला जोडीला असते ती खालची ओळ. एक-दोन वाक्यं, तारीख, गावाचं नाव. भावनेचा एकही शब्द नाही, जणू तलाठ्याच्या दफ्तरातली नोंद. 'लहानपणी टूसाँने मळेवाल्यांच्या चाबकाचा आवाज ऐकला आणि रक्त वाहताना पाहिलं' अशा धाटणीची ओळ, आणि वर चित्र. ओढाताण सगळी चित्रात चालते.

ही मूळ चित्रं आकाराने लहान आहेत, ११ इंच बाय १९ इंच, कागदावर टेम्पराने, म्हणजे पाण्यात कालवलेल्या रंगाने, रंगवलेली. रंग सपाट. गालावर उजेड, हनुवटीखाली सावली असला प्रकार नाही. हिरवा म्हणजे हिरवा, काळा म्हणजे काळा, मधे रेघ. माणसांची अंगं टोकदार कोनांत मोडलेली, भाले, पानं आणि तलवारी एकाच दिशेला तिरप्या झालेल्या. हे त्याला येत नव्हतं म्हणून असं झालं, असं काहींना वाटतं. मला ते पटत नाही. चेहऱ्यांत रमलं की गोष्ट थांबते, आणि लॉरेन्सला ती थांबवायची नव्हती.

रंग लावायची त्याची तऱ्हा तर फारच वेगळी होती. १९४१ साली त्याने अमेरिकेच्या दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या काळ्या कुटुंबांवर साठ चित्रांची मालिका पूर्ण केली. तिच्यावर काम करताना तो सगळे फलक एकदम मांडून बसायचा आणि एकेक रंग घेऊन सगळ्यांवरून फिरायचा. आधी गडद, मग फिके. काळा ज्या ज्या चित्रात जिथे जिथे हवा तिथे लावून झाला की मग पुढचा रंग. त्यामुळे साठही चित्रांत तोच पिवळा येतो. मालिका एकाच श्वासात बोलल्यासारखी वाटते ती त्यामुळेच.

हे वाचताना तुमच्यापैकी छपाईत असलेल्यांना खुदकन हसू आलं असेल. कारण एका वेळी एक रंग, सगळ्या प्रतींवर, आणि मग पुढचा रंग, हीच तर स्क्रीन प्रिंटिंगची रीत. लॉरेन्स रंगवत होता तेव्हाही मनाने छापतच होता, असं मला वाटतं. प्रत्यक्ष छपाईकडे तो खूप उशिरा वळला. त्याचं पहिलं प्रसिद्ध मुद्राचित्र १९६३ सालचं, शिळाछापातलं, नागरी हक्कांच्या चळवळीतल्या अटकेचं. त्याचं नाव 'दोन बंडखोर'.

स्क्रीन प्रिंटिंग म्हणजे काय हे मला आमच्या गल्लीतल्या लग्नपत्रिकांच्या दुकानाने शिकवलं. लाकडी चौकटीवर ताणून बसवलेली बारीक जाळी. पूर्वी रेशमाची असायची, म्हणून सिल्कस्क्रीन, आता नायलॉन-पॉलिएस्टरची. जिथे रंग जायला नको तिथली छिद्रं बुजवायची, जिथे जायला हवा तिथली मोकळी ठेवायची. हे बुजवणं म्हणजेच स्टेन्सिल. खाली कागद, वर जाळी, जाळीवर शाई, आणि रबरी पट्टीने, म्हणजे स्क्वीजीने, एक घट्ट ओढ. चौकट उचलली की कागदावर एक रंग. फक्त एक. गणपतीचा लाल छापून झाला की सगळ्या पत्रिका दोऱ्यांवर वाळत पडायच्या. सोनेरीची पाळी दुसऱ्या दिवशी. सोनेरी एका मिलिमीटरने सरकला की गणपतीच्या सोंडेला दोन कडा दिसत. मग मालक स्वतःच्याच नशिबाला शिव्या घालायचा. रंगावर रंग नेमका बसवायच्या या कामाला सगळे रजिस्ट्रेशन म्हणतात, आणि माणसाची परीक्षा होते ती तिथेच.

कलाकृती म्हणून छापताना तंत्र हेच असतं, फक्त संयम कितीतरी पट लागतो. समजा एका चित्रात वीस रंग आहेत आणि शंभर प्रती काढायच्या आहेत. म्हणजे वीस जाळ्या आणि दोन हजार वेळा ओढ. अठराव्या रंगाला हात चुकला तर आधीचे सतरा वाया. प्रती छापून झाल्या की चित्रकार प्रत्येक प्रत पाहतो, पसंत पडली तर पेन्सिलीने सही करतो आणि क्रमांक घालतो. खालचा आकडा एकूण प्रतींचा, वरचा त्या प्रतीचा. अशा मर्यादित प्रतींच्या संचाला आवृत्ती म्हणायचं. पोस्टर आणि मुद्राचित्र यांत हाच फरक आहे. पोस्टर म्हणजे चित्राच्या फोटोची छपाई, भिंगाखाली धरलं तर बारीक ठिपके दिसतात. मुद्राचित्रात ठिपके नसतात, शाईचा अखंड थर असतो, त्याला जाडी असते. त्यामुळे 'मूळ' कुठे आहे, असं विचारलं तर उत्तर येतं की प्रत्येक प्रत मूळच आहे.

अजून एक बारकावा. लाकडी ठसा किंवा धातूची प्लेट छापली की चित्र उलटं होतं, आरशातल्यासारखं. स्क्रीनमध्ये उलटत नाही. मालिकेत याला फार महत्त्व आहे, कारण उजवीकडे निघालेलं सैन्य छापल्यावर डावीकडे चालू लागलं तर गोष्टच मागे फिरेल.

गंमत म्हणजे ज्या वर्षी लॉरेन्सने टूसाँची चित्रं पूर्ण केली, त्याच १९३८ मध्ये, त्याच न्यूयॉर्क शहरात, त्याच सरकारी कलायोजनेने सिल्कस्क्रीनचा विभाग सुरू केला. तोवर हे तंत्र दुकानाच्या पाट्या आणि जाहिरातींचं समजलं जाई. अँथनी व्हेलोनिस या माणसाने ते चित्रकारांच्या हाती दिलं. त्याला प्रतिष्ठा यावी म्हणून सेरिग्राफ असं भारदस्त नावही काढलं गेलं. पाटीवाल्यांच्या बरोबरीने बसवलं जाऊ नये, एवढ्यासाठी नवा शब्द!

लॉरेन्सची बंडाची पहिली मालिका जाळीवर गेली ती टूसाँची नव्हे, जॉन ब्राऊनची. ब्राऊन गोरा अमेरिकन होता. आपल्याला गुलामगिरी उलथवायला देवाने निवडलं आहे अशी त्याची धारणा होती. ऑक्टोबर १८५९ मध्ये मूठभर माणसांनिशी त्याने हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारावर हल्ला केला, पकडला गेला आणि डिसेंबरात फासावर गेला. लॉरेन्सने १९४१ साली बावीस चित्रांत ही गोष्ट सांगितली. पहिल्या चित्रात क्रुसावरचा ख्रिस्त, शेवटच्यात फासावर लोंबणारा ब्राऊन. ही चित्रं पुढे डेट्रॉईटच्या कलासंग्रहालयाकडे गेली, पण रंगाचे पोपडे निघू लागले. बाहेर पाठवणं तर सोडाच, भिंतीवर टांगणंही धोक्याचं झालं. तेव्हा संग्रहालयाने लॉरेन्सलाच गळ घातली की याची छपाईतली मालिका करून द्या. १९७७ साली ती आली, साठ प्रतींची, सोबत डेट्रॉईटचाच कवी रॉबर्ट हेडन याची खास या मालिकेसाठी लिहिलेली कविता. छपाईने इथे चक्क जीव वाचवण्याचं काम केलं.

टूसाँचा प्रकार वेगळा. मूळ एकेचाळीस चित्रं न्यू ऑर्लिन्सच्या आमिस्टाड संशोधन केंद्रात एकत्र आहेत. या केंद्राला नाव दिलंय ते १८३९ साली ज्या जहाजावर बंदी आफ्रिकनांनी बंड केलं त्या जहाजाचं, म्हणजे चित्रांना घर शोभेसंच मिळालं. १९८६ साली लॉरेन्सने त्यांतली काही चित्रं जाळीवर घ्यायचं ठरवलं. तो राहायचा सिअॅटलला, देशाच्या पश्चिम टोकाला. छापणारा लू स्टोव्हॉल दुसऱ्या टोकाला, वॉशिंग्टन शहरात. स्टोव्हॉलने १९६८ साली तिथे छापखाना काढला होता. सभा, मैफली, वस्तीतले कार्यक्रम यांची पोस्टरं छापता छापता तो देशातल्या नामांकित मुद्रकांत गणला जाऊ लागला. तो स्वतःही चित्रकार होता आणि हाताने कापलेल्या स्टेन्सिलवर त्याची हुकमत होती. मुद्राचित्रावर सही चित्रकाराची असते, पण अर्धं श्रेय अशा माणसांचं असतं, हे आपण फार सहज विसरतो. सिनेमातल्या छायाचित्रकारासारखंच.

पंधरा चित्रं, अकरा वर्षं. घाई कुणालाच नव्हती.

ही चित्रं आकाराने मोठी झाली. हातात धरून वाचायचं चित्र आता भिंतीवरून बोलू लागलं. रंगही बदलले. टेम्पराचा जुनाट मातकटपणा जाऊन शाईचे घट्ट, धारदार सपाट रंग आले. सपाट रंग आणि टोकदार कडा म्हणजे स्क्रीनचा जीव की प्राण. लॉरेन्सच्या विसाव्या वर्षाच्या भाषेला सत्तरीत अगदी फिट बसणारं यंत्र मिळाल्यासारखं दिसतं. युद्धाची चित्रं यात सरस ठरतात असं माझं मत. तिथे संगिनी, पानं आणि पाय यांची गर्दी एकमेकांत घुसते आणि रंगांच्या कडा अक्षरशः कापतात.

आणि तरीही या पंधरांत काहीतरी निसटलं आहे. कोणती चित्रं निवडली ते पाहा. टूसाँचा जन्म आहे. गाडीवान आहे. सेनापतीच्या गणवेशातलं त्याचं बाजूने काढलेलं चित्र आहे. दोंदोन, साँ-मार्क, एनरी या गावांची नावं आहेत. कूच आहे, डावपेच आहेत, आरमार आहे, पेटलेलं शहर आहे, आणि दगा देऊन केलेली अटक आहे. कोलंबस नाही. मूळ रहिवाशांचा छळ नाही. बेटाची वाटणी नाही. मूळ मालिकेत नायकाआधी आलेली पाचही चित्रं गेली, आणि शेवटही गेला. मूळ मालिका टूसाँच्या मृत्यूवर थांबत नाही. चाळिसाव्या चित्रात स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सह्या होतात. एकेचाळिसाव्यात देसालीनला सम्राटाचा मुकुट चढतो, आणि खालच्या ओळीत शब्द येतो 'हुकूमशहा'. वीस वर्षांच्या पोराने आपल्या लोकांच्या सर्वांत मोठ्या विजयाची गोष्ट त्या शब्दावर संपवली! मला तर हे सगळ्या मालिकेतलं सर्वांत धीट वाक्य वाटतं.

एकेचाळीस चित्रं हैतीची गोष्ट सांगतात. पंधरा चित्रं टूसाँची. दोन्हींचं शीर्षक जवळपास एकच आहे, म्हणून हा फरक पटकन ध्यानात येत नाही. पंधरा निवडताना प्रत्येक चित्र एकेकटंही भिंतीवर उभं राहायला हवं, विकत घेणाऱ्याने एकच घेतलं तरी त्याला पुरायला हवं. कोलंबसाचं चित्र एकटं टांगलं तर ते कोलंबसाचंच चित्र होऊन बसेल. तेव्हा लॉरेन्सला मी दोष देणार नाही. पण ज्या पुतळ्यापासून सुटण्यासाठी त्याने मालिका हाती घेतली, त्याच्या तो थोडा जवळ सरकला, एवढं मात्र दिसतं. ही मुद्राचित्रं पाहणाऱ्याने मूळ मालिकेच्या खालच्या एकेचाळीस ओळी एकदा वाचाव्यात.

आपल्याकडे गुलामगिरीच्या अंताचा विषय निघाला की आठवतात जोतीराव फुले. 'गुलामगिरी' हा ग्रंथ १८७३ साली त्यांनी अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केला, कारण त्यांनी आपल्या देशातल्या गुलामांना दास्यातून मुक्त केलं होतं. त्या अर्पणपत्रिकेमागे आपल्याही देशात असं कुणी करावं ही तळमळ होती. हैतीच्या गुलामांनी मात्र अमेरिकेच्या साठ वर्षं आधी स्वतःची सुटका स्वतःच करून घेतली होती, आणि जगाने त्याबद्दल त्यांना शिक्षा केली. अमेरिकेने १८६२ पर्यंत या देशाला मान्यता दिली नाही. फ्रान्सने १८२५ साली पंधरा कोटी फ्रँकची 'भरपाई' मागितली, हातचे मळे आणि माणसं गेली म्हणून, आणि किनाऱ्यावर लढाऊ जहाजं उभी करून ती कबूल करून घेतली. पुढे रक्कम नऊ कोटींवर आणली. ते कर्ज आणि त्यावरचं व्याज फेडता फेडता विसावं शतक उजाडलं. मुक्ती देणाऱ्याचं नाव राहतं. घेणाऱ्याच्या हाती बिल येतं.

लूव्हेर्त्यूर हे टूसाँचं जन्माचं आडनाव नव्हे. मळ्यावर तो टूसाँ ब्रेदा होता. १७९३ च्या सुमारास त्याने हे नाव घेतलं. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ उघडणं, वाट करणं. शत्रूच्या फळीत तो हमखास फट पाडतो म्हणून ते पडलं असं कुणी म्हणतं, पुढच्या दातांमधल्या फटीवरून पडलं असंही कुणी म्हणतं. पंधरांतल्या एका मुद्राचित्राचं नाव याच अर्थाचं आहे, 'उघडणारा'.

छपाई गोष्टीच्या क्रमाने झाली नाही, हे तारखा पाहिल्यावर लक्षात येतं. सेनापतीचं चित्र आणि जन्माचं चित्र दोन्ही १९८६ सालची. गाडीवान आला १९९० मध्ये, कूच १९९५ मध्ये, आरमार १९९६ मध्ये. ज्याने एकेक चित्र निघेल तसं घेतलं असेल त्याच्या भिंतीवर टूसाँ आधी सेनापती झाला आणि चार वर्षांनी गाडी हाकू लागला. १९९७ साली शेवटची तीन चित्रं निघाली: पेटलेलं शहर, अटक, आणि 'उघडणारा'. लॉरेन्सने त्यांवर सह्या केल्या त्या वर्षी त्याला ऐंशी वर्षं पुरी झाली.